मोठ्या शिशूची वही भरण्याआधी: बालवर्ग चालवणाऱ्यांना खुले पत्र

बालवर्ग चालवणाऱ्या सर्व संस्थाचालकांना, मुख्याध्यापिकांना आणि पर्यवेक्षिकांना,

सप्रेम नमस्कार.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. तुमच्या छोट्या आणि मोठ्या शिशूतून पुढे आलेली मुलं माझ्या वर्गात बसतात. येताना त्यांच्या दप्तरात भरलेल्या वह्या असतात. अ पासून ज्ञ पर्यंत प्रत्येक अक्षराला एक पान, आणि पानाच्या तळाशी लाल शाईतला शेरा. त्या वह्यांमागे तुमच्या ताईंचे किती कष्ट असतात याची मला पुरेपूर जाणीव आहे. तरीही हे पत्र त्या वह्यांबद्दलच आहे. ते ताईंना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण वही किती भरायची आणि कधीपर्यंत भरायची हे वर्गात ठरत नाही, ते तुमच्या बैठकीत ठरतं.

माझं म्हणणं असं आहे की अक्षर ओळखणं आणि अक्षर लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींची वेळ वेगळी, क्रम वेगळा आणि शिकवायची रीतही वेगळी. आपण मात्र ती एकाच वहीत, एकाच दिवशी, एकाच क्रमाने उरकतो, आणि मग दोन्ही कच्ची राहतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला म चं पान लिहिताना मी शेजारी बसून पाहत होते. त्याने आधी पानभर उभ्या रेघा मारल्या, वरून खाली, ओळीमागून ओळ. मग प्रत्येक रेघेच्या डावीकडे गाठ काढली. मग गाठ आणि रेघ जोडणारा आडवा तुकडा सगळीकडे भरला. शेवटी डावीकडून उजवीकडे एकेक लांब शिरोरेघ ओढली आणि मान वर केली. पान सुबक दिसत होतं. त्या अख्ख्या पानात त्याने म एकदाही लिहिला नव्हता. मी फळ्यावर एकटा भ काढला आणि विचारलं, तर तो म्हणाला, ‘म’. दुसरी एक मुलगी फळ्यावरचा ध ओळखायला क पासून सुरुवात करायची. क, ख, ग, घ असं मनातल्या मनात पुटपुटत, बोटं मोडत ध पर्यंत पोचायची. तिच्याकडे वर्णमाला होती, अक्षरं नव्हती. दोघांच्याही वह्या पूर्ण भरलेल्या होत्या आणि दोघांनाही शेवटच्या पानावर छान शेरा मिळालेला होता.

यात मुलांचा काही दोष नाही आणि ताईंचाही नाही. डोळ्याचं काम आधी समजून घेऊ.

जन्मापासून मूल एक गोष्ट शिकत आलेलं असतं. वस्तू कोणत्याही बाजूने ठेवली तरी ती तीच वस्तू असते. खुर्चीचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, खुर्ची ती खुर्चीच. आपला मेंदू हे फार लवकर आणि फार पक्कं शिकतो. अक्षरांच्या बाबतीत मात्र अचानक नियम बदलतो. ३ चं तोंड फिरवलं की ६ होतो. पोटात एक तिरपी रेघ आली की व चा ब होतो आणि प चा ष होतो. शिरोरेघ जराशी तुटली की ध, पूर्ण असली की घ. इतक्या बारीक फरकाला इतकं महत्त्व द्यायची वेळ मुलावर याआधी कधी आलेली नसते. म्हणून चार-पाच वर्षांचं मूल आकडे आणि अक्षरं उलटी काढतं, आणि सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं. त्यात काळजीचं काही नसतं. उलट्या ६ वर लाल फुली मारून तो सुलटा होत नाही. सुलटा ६ पुन्हा पुन्हा, शांतपणे, डोळ्यासमोर यावा लागतो.

मुलं कुठे अडखळणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, ड-ङ, आणि ख च्या जागी ‘रव’ वाचणं. पहिलीच्या कुठल्याही बाईंना झोपेतून उठवून विचारलं तरी त्या हीच यादी सांगतील. तर मग ओळख करून देताना या जोड्या एकमेकींपासून लांब ठेवायला काय हरकत आहे? घ नीट डोळ्यात बसू द्या, त्याच्या बऱ्याच दिवसांनी ध आणा. वर्णमालेचा क्रम अतिशय शास्त्रशुद्ध आहे. घसा, टाळू, मूर्धा, दात, ओठ असा उच्चारस्थानांप्रमाणे तो लावलेला आहे आणि पुढे मुलांना त्याचं सौंदर्य जरूर दाखवावं. पण तो क्रम ध्वनींचा अभ्यास करणाऱ्यांनी लावला आहे. ट, ठ, ड, ढ असे कानाला जवळजवळ सारखे वाटणारे चार आवाज एका दमात ऐकवले की तीन-चार वर्षांच्या मुलाची दमछाक होते.

ओळखीच्या रीतीबद्दल एक जुनी आणि साधी गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांची तीन पायऱ्यांची पद्धत इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी आपल्या बालघरांत आणली. पहिलं बालघर रोममध्ये ६ जानेवारी १९०७ ला सुरू झालं. पहिल्या पायरीवर मोठं माणूस सांगतं, ‘हा ग. हा स.’ दुसऱ्या पायरीवर विचारतं, ‘ग कुठे आहे? स मला दे. ग खिडकीत ठेवून ये.’ आणि तिसऱ्या पायरीवर, ‘हा कोणता?’ मधली पायरी सगळ्यांत लांब असते, कारण तिथे मुलाला नाव आठवावं लागत नाही, फक्त निवडावं लागतं. खेळ चालू राहतो आणि अक्षर मुरत जातं. आपल्या बहुतेक वर्गांत पहिली पायरी झाली की थेट तिसरी येते. अक्षर दाखवायचं आणि विचारायचं, ‘सांग बघू, हे काय?’ मुलाला आठवलं नाही की सगळा वर्ग ओरडून उत्तर देतो आणि ते मूल पुढच्या वेळी ओठ हलवून वेळ मारून न्यायला शिकतं. मधल्या पायरीला खर्च काही नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ आज वही खाते.

डोळ्याच्याही आधी कान. ‘मगर’ शब्दात टाळ्या किती? ‘म’ ने सुरू होणारं वर्गात काय काय आहे? कोणाकोणाच्या नावात ‘र’ ऐकू येतो? ज्या मुलाला शब्दातला आवाज सुटा ऐकू येत नाही, त्याच्यासाठी फळ्यावरची खूण कशाचीच खूण नसते. आपल्या लिपीची मोठी सोय अशी की अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच. क ला ‘क’ च म्हणतात. इंग्रजीत डब्ल्यूचं नाव घेतलं तर त्यात डब्ल्यूचा आवाजच नाही. ज्या बालवर्गांत दोन्ही लिप्या एकदमच सुरू होतात तिथे मुलाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही, आणि मोठी-छोटी अशी दोन-दोन रूपं असलेली इंग्रजी अक्षरं त्याच आठवड्यात समोर येऊन आदळतात. एक लिपी थोडी रुळू द्या, मग दुसरी आणा, एवढं तरी करता येईल.

आता हाताकडे येते. मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याच विषयावर.

दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत पेन्सिल धरून मनगट टेकवून फक्त बोटं हलवणं बहुतेक मुलांना साडेचार ते सहाच्या दरम्यान जमतं. आकारांचंही तसंच आहे. बघून उभी रेघ काढणं साधारण दोन वर्षांचं झाल्यावर, गोल तीनच्या आसपास, अधिकची खूण चारच्या आसपास, चौकोन त्याच्या पुढे आणि त्रिकोण जवळजवळ पाचव्या वर्षी. त्रिकोण एवढा उशिरा येतो, कारण तिरप्या रेघेत हात खाली आणि बाजूला असा दोन्हीकडे एकाच वेळी न्यावा लागतो. घाई केली म्हणून हा क्रम बदलत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ काढ’ म्हटलं, तर त्याची बोटं आखडतात, पेन्सिल कागदात रुतते, आणि अडचणीत सापडलेला हात जी पकड घेतो तीच पुढे कायम राहते. वाकडी पकड सोडवायला मला पहिलीचं अख्खं वर्ष पुरत नाही.

आणि त्यात सुरुवात अ पासून! अ नीट निरखून पाहा. एकाखाली एक दोन पोटं, मधून निघणारी आडवी रेघ, तिला टेकलेला उभा दंड आणि वर शिरोरेघ. वळण दोनदा बदलतं, हात पुन्हा पुन्हा उचलावा लागतो, आणि प्रमाण चुकलं की अक्षर ओळखू येत नाही. त्यानंतर इ आणि ई, ज्यांत वळणाच्या पोटातून परत वळण आहे. म्हणजे देवनागरीतल्या अवघड अक्षरांपैकी काही आपण सगळ्यांत कोवळ्या हाताला सगळ्यांत आधी देतो, आणि ट, र, प, ग अशी साधी अक्षरं त्याच्या मागे रांगेत उभी राहतात.

लिहिण्यासाठी अक्षरांची घराणी लावा. ट जमला की ठ आणि ढ लांब नाहीत. र जमला की स, आणि व जमल्यावर त्या दोघांचा मिळून ख. व चा ब, ब च्या जवळचा क. प, ष, फ. ग, न, म, भ. सगळ्यांत शेवटी उ, ऊ आणि मग अ, आ, ओ, औ. तुम्ही म्हणाल, आत्ताच सांगितलं की सारखी दिसणारी अक्षरं लांब ठेवा, आणि आता सांगते आहे की ती एकत्र घ्या. दोन्ही बरोबर आहे, कारण ओळख लेखनाच्या कितीतरी महिने आधी व्हायला हवी. डोळ्याने व आणि ब वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांतून ओळखलेले असले, तर हात त्यांच्यापर्यंत पोचतो तेव्हा डोळ्याचा गोंधळ मिटलेला असतो. मग त्यांचं साम्य हाताच्या कामी येतं. एकाच वहीत दोन्ही कामं कोंबली की नेमका हा फायदा हातचा जातो.

पेन्सिल येण्याआधी हाताला पुष्कळ काम देता येतं. कागद फाडणं, मणी ओवणं, माती मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, ओल्या बोटाने फरशीवर रेघोट्या ओढणं. खडूचे मुद्दाम छोटे तुकडे करून द्या. तुकडा आखूड असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. उभ्या फळ्यावर काढू द्या, कारण तिथे मनगट आपोआप योग्य बाजूला वळतं. धुळाक्षरं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. बोटाने मातीत किंवा रेतीत काढलेलं अक्षर मूल अंगाने शिकतं, आणि चुकलं तर तळहाताने पुसून टाकता येतं. माँटेसरींची खरखरीत कागदाची अक्षरंही त्याच जातीची. दोन बोटं अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि त्याच वेळी आवाज उच्चारायचा. यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, ते आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंच्या आधारानेच.

गिरवण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ठिपक्यांवरून गिरवायच्या छापील वह्या हल्ली सगळीकडे आहेत, आणि मुलाला त्यात गुंतवणं सोपं असतं हेही खरं. पण ठिपके जोडणारं मूल कुठूनही सुरू करतं, खालून वर जातं, मधून फुटतं. शेवटी पानावर अक्षर दिसतं खरं, पण हातात उतरत नाही. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरं बघून स्वतः काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचनाशी जोडलेले भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी सर्वांत जास्त जागे झालेले दिसले. गिरवलेल्या अक्षरांनी ते साधलं नव्हतं. यामागचं कारण संशोधकांनी सुचवलं आहे ते विचार करण्यासारखं आहे. मूल स्वतः काढतं तेव्हा दर वेळी अक्षर थोडं वेगळं, थोडं वाकडं येतं, आणि त्या दहा वाकड्या म मधून त्याला कळतं की म ला म कशामुळे म्हणायचं. सुबक वहीत नेमकी ही वाकडी अक्षरंच खोडरबराने पुसली जातात.

म्हणून दिशा दाखवायला सुरुवातीला दोन-तीनदा गिरवू द्यावं, ताईंनी सावकाश काढून दाखवावं, कुठून निघायचं आणि कुठे वळायचं ते तोंडाने बोलावं, आणि मग अक्षर झाकून मुलाला आठवून काढू द्यावं. पानभर लिहिण्यापेक्षा अशी तीन अक्षरं मला जास्त मोलाची वाटतात.

ओळींचाही प्रश्न आहे. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मुलाला हे एकदा दाखवलं की पटकन कळतं, न दाखवता दुरेघी आणि चौरेघी वह्या हातात दिल्या की दोन्हीकडे अक्षरं तरंगत राहतात. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर द्यायची, हेही बऱ्याच ठिकाणी सांगायचं राहून जातं.

दहांतलं साधारण एक मूल डावखुरं असतं. त्याचा हात बदलू नका. त्याला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागणार नाही, कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडा तिरका ठेवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा म्हणजे लिहिलेलं दिसेल. शिरोरेघ त्याला ओढता येत नाही, ढकलावी लागते, त्यामुळे ती त्याच्याकडून बराच काळ वाकडी येणार. तेवढी सवलत त्याला द्या.

भिंतीवरच्या तक्त्यांकडेही एकदा बघून घ्या. ‘ऐ ऐरणीचा’ हे चित्र बघून आजचं मूल काय ओळखणार? ते चित्र पाठ करतं आणि अक्षराकडे बघतच नाही. चित्र मुलाच्या ओळखीच्या वस्तूचं असू द्या, आणि ण, ळ सारख्या शब्दाच्या सुरुवातीला न येणाऱ्या अक्षरांसाठी बाण, बाळ असे शब्द घेऊन शेवटचा आवाज ऐकू द्या. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं सांगितली आहेत. पण मोबाइलवर आणि बऱ्याच छापील तक्त्यांवर दुसरीच रूपं दिसतात. निदान तुमच्या वर्गातली भिंत, फळा आणि पुस्तक यांवर एकच ल असावा.

आणि शब्द लवकर येऊ द्या. सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या क्रमाने वाचनाचा आनंद वर्ष-दीड वर्ष लांबतो. ग, म, न, र एवढी चारच अक्षरं घेतली तरी मन, गरम, मगर, नगर, नमन हे शब्द हातात येतात. काना आला की राग, नाग, रान, मामा. मूल आधी ‘म… ग… र’ असं सुटंसुटं म्हणतं. ‘आता जरा भरभर म्हण’ असं सांगितलं की दोन-तीनदा तेच म्हणतं, एकदम थांबतं, आणि ‘मगर!’ असं ओरडतं. मी हे वर्गात पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो. ज्या मुलाला हा क्षण चार अक्षरांवर मिळाला, ते पाचवं अक्षर स्वतःहून मागतं.

पालकांना वही बघायची असते, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, पालकसभेत वही हातात घेऊन उलटून बघितली जाते आणि शेजारच्या शाळेतल्या वहीशी तिची तुलनाही होते. पण पालकांना वही मागायला आपणच शिकवलं आहे. त्यांना दुसरं काहीतरी दाखवा. मुलाने वर्षाच्या सुरुवातीला काढलेला माणूस आणि आता काढलेला माणूस शेजारी शेजारी लावा. तारीख टाकून ठेवलेलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्याचं नाव दाखवा, मग ते कितीही वाकडं असो. आपल्या नावातली अक्षरं मुलं बहुधा सगळ्यांत आधी ओळखतात. नावात जोडाक्षर असलं तरी सुरुवातीचं अक्षर तरी आपलं वाटतंच. आईवडिलांना त्या वाकड्या नावात जी प्रगती दिसेल ती तीस पानांच्या क मध्ये दिसणार नाही.

मोठ्या शिशूच्या अखेरीपर्यंत वहीत लिहिणं सक्तीचं नसावं, एवढा निर्णय तुम्ही घेतलात तर ताईंचे हात मोकळे होतील. त्यांना हे सगळं कळतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी माझ्याशी बोलताना हेच सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘पण तपासणीला वह्या मागतात ना.’ तपासणीला वर्गात येऊन बसा. चार मुलांना क्रम मोडून अक्षरं दाखवून बघा. एका मुलाला न बघता ग काढायला सांगा आणि तो सुरुवात कुठून करतो ते पाहा.

आणि वर्ष संपताना मूल माझ्याकडे पाठवाल तेव्हा त्याच्यासोबत एक कागद द्या. कोणती अक्षरं कुठेही दिसली तरी ओळखतो, कोणत्या जोड्यांत अजून अडखळतो, कोणती अक्षरं आठवून काढतो, पेन्सिल कशी धरतो, कोणत्या हाताने लिहितो. त्यात बाराच अक्षरं असली तरी चालतील. तेराव्यापासून मी सुरुवात करीन.

आपली,
पहिलीची एक शिक्षिका